बालगृहाची नोंदणी आणि संस्थाचालकांच्या जबाबदाऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात बालगृह, निवारागृह किंवा अनाथ मुलांसाठी निवासी संस्था चालवणारे विश्वस्त, अधीक्षक आणि नव्याने सुरुवात करू पाहणारे कार्यकर्ते जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा आधार म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५, त्यातली २०२१ ची दुरुस्ती (१ सप्टेंबर २०२२ पासून लागू), केंद्राचे २०१६ चे आदर्श नियम आणि राज्याचे २०१८ चे नियम. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमची संस्था म्हणजे "अनाथाश्रम". तिला बालगृहाचे नियम लागू होतात का?

पाटीवर काय लिहिले आहे याला कायद्यात महत्त्व नाही. आश्रम, सदन, छात्रालय, मठ, मिशन, काहीही म्हणा. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले तिथे राहत असतील, मग ती सगळी असोत वा काहीच असोत, संस्था बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ च्या कक्षेत येते. अनाथ, सोडून दिलेली, हरवलेली, रस्त्यावर राहणारी, बालमजुरीतून सोडवलेली, बालविवाहाच्या उंबरठ्यावर असलेली, ज्यांचे पालक सांभाळ करण्यास असमर्थ ठरले आहेत अशी, ही सगळी मुले त्यात मोडतात. ही यादी उदाहरणादाखल आहे, तिथेच संपणारी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तामिळनाडूतील अनाथालयांच्या प्रकरणात स्पष्ट केले.

फक्त शिक्षणासाठी पालकांनी स्वतःहून ठेवलेली, सुट्टीत आपापल्या घरी जाणारी मुले असतील, तर ते वसतिगृह झाले. त्याचे नियम वेगळे. पण पन्नास मुलांच्या वसतिगृहात चार मुलांना घरच नसेल, तर त्या चौघांमुळे हा कायदा लागू होतो.

२. आम्ही सरकारकडून एक रुपयाही अनुदान घेत नाही. तरी नोंदणी कशाला?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. नोंदणीचा अनुदानाशी संबंध नाही, कलम ४१ मध्येच तसे लिहिले आहे. नोंदणीशिवाय संस्था चालवल्यास प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अर्जाला होणारा प्रत्येक तीस दिवसांचा उशीर हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो (कलम ४२).

शिक्षेची भीती बाजूला ठेवली तरी मला यात खरी अडचण मुलाची दिसते. नोंदणी नसलेल्या संस्थेतले मूल यंत्रणेच्या हिशेबातच नसते. त्याची आई त्याला दुसऱ्या जिल्ह्यात शोधत असेल, तरी कुठल्याही पोर्टलवर त्याचे नाव सापडत नाही. अठरा वर्षांचे झाल्यावर ते अनाथ प्रमाणपत्र मागायला जाते, तेव्हा आपण इतकी वर्षे कुठे होतो हे दाखवणारा एक कागदही त्याच्याकडे नसतो. संस्थाचालकाने प्रेमाने वाढवलेले असते, पोटभर जेवू घातलेले असते, आणि तरीही त्या मुलाचे नुकसान झालेले असते.

३. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे. ते पुरेसे नाही का?

नाही. ती नोंदणी संस्थेच्या अस्तित्वाची आणि मालमत्तेची. मुले ठेवण्याची परवानगी वेगळी, आणि ती महिला व बाल विकास विभागाकडून मिळते. ट्रस्ट, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी यांपैकी काही तरी आधी हवेच, कारण त्याच नावाने बाल न्याय कायद्याखाली अर्ज करायचा असतो. दोन शहरांत दोन बालगृहे असतील, तर ट्रस्ट एकच असला तरी नोंदणी प्रत्येक गृहाची स्वतंत्र.

४. अर्ज कुठे करायचा आणि सोबत काय जोडायचे?

जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. तिथून जागेची पाहणी होते आणि प्रस्ताव पुण्याच्या आयुक्तालयाकडे जातो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस विचारात घेऊनच संस्थेची क्षमता आणि उद्देश ठरवले जातात.

आदर्श नियमांत अर्जासाठी नमुना २७ आहे. सोबत संस्थेची घटना व नियमावली, कार्यकारिणीची यादी, मागील तीन वर्षांचे ताळेबंद, आजवरच्या सामाजिक कामाचा तपशील आणि संस्थेतील कोणावर बालकांवरील अत्याचाराचा किंवा बालमजुरीचा गुन्हा सिद्ध झालेला नसल्याचे प्रतिज्ञापत्र. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांकही लागतो. इमारतीचा नकाशा आणि अग्निसुरक्षेचे कागद आधीच तयार ठेवा, फाइल अडते ती बहुतेक वेळा तिथेच. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे अग्निशमन साधने चालू स्थितीत असल्याचा नमुना ब दाखला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. एकदा काढला आणि झाले, असा तो दाखला नाही.

५. अर्ज दिला, पण महिना उलटला तरी उत्तर नाही. आता?

अर्जाची पोचपावती जपून ठेवा. अर्ज मिळाल्यापासून एका महिन्यात शासन तात्पुरती नोंदणी देऊ शकते, आणि तिची मुदत जास्तीत जास्त सहा महिने. महिन्याभरात तात्पुरते प्रमाणपत्र आले नाही, तर पोचपावती हीच सहा महिन्यांपुरती तात्पुरती नोंदणी समजली जाते. सहा महिन्यांत अर्ज निकाली न काढणे ही संबंधित अधिकाऱ्याची कर्तव्यातली कसूर ठरते. म्हणून अर्ज कधीही तोंडी किंवा "साहेबांच्या टेबलावर ठेवून" देऊ नका. आवक क्रमांक आणि तारीख घ्याच.

मात्र तात्पुरती नोंदणी मिळाली म्हणजे मुले थेट दाखल करून घेता येतील, असे नाही. प्रवेशाचा रस्ता एकच, तो प्रश्न ८ मध्ये पाहा.

६. किती जागा लागते? भाड्याच्या दोन खोल्यांत सुरुवात करता येईल का?

आदर्श नियमांनी पन्नास मुलांसाठी मोजमाप दिले आहे : पंचवीस-पंचवीस मुलांची दोन शयनगृहे, प्रत्येकी १,००० चौरस फूट, म्हणजे झोपण्यासाठी दर मुलामागे ४० चौरस फूट. पाच न्हाणीघरे, आठ शौचालये. शिवाय अभ्यासाच्या खोल्या, आजारी मुलांची खोली, जेवणघर, ग्रंथालय, समुपदेशनाची स्वतंत्र खोली, आणि बाहेर खेळायला मैदान. सगळे धरून बांधकाम साडेआठ हजार चौरस फुटांच्या घरात जाते. मुले कमी असतील तर त्या प्रमाणात जागा कमी चालते, पण दोन खोल्यांत बालगृह होत नाही.

समुपदेशनाच्या खोलीवर माझा विशेष आग्रह आहे. बऱ्याच ठिकाणी कार्यालयाच्या कोपऱ्यात पडदा लावून ती "तयार" केलेली असते. पलीकडे लिपिक फोनवर बोलतो आहे, दारातून कोणी तरी डोकावते आहे, अशा जागी दहा वर्षांची मुलगी घरात काय घडले ते सांगेल का? दार बंद होणारी छोटीशी खोली पुरते. पण दार बंद झालेच पाहिजे.

७. कर्मचारी किती आणि कोणते?

शंभर मुलांच्या संस्थेसाठी आदर्श नियमांत पंचवीस जणांचा आकृतिबंध आहे. अधीक्षक, परिवीक्षा किंवा बाल कल्याण अधिकारी, समुपदेशक, गृहमाता-गृहपिता, शिक्षक, अर्धवेळ डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाकी, मदतनीस असे सगळे त्यात आले. मुलींच्या संस्थेत अधीक्षकांसह सर्व कर्मचारी महिलाच हव्यात. रात्रपाळीचा पहारेकरी किंवा वाहनचालक म्हणून एखादा ओळखीचा "चांगला माणूस" ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा.

रुजू होण्याआधी प्रत्येकाची पोलीस पडताळणी करून घ्या. संस्थापकांचा भाचा असो की वीस वर्षांपासून येणारे स्वयंसेवक, अपवाद कुणालाच नाही. आणि गृहमाता निवडताना पदवीपेक्षा रात्री दोन वाजता रडत उठलेल्या मुलाजवळ ती किती वेळ बसेल, ते पाहा. मुलाचा सर्वाधिक वेळ तिच्यासोबत जातो, आणि बहुतेक संस्थांत सर्वांत कमी पगार तिलाच मिळतो. पगाराचे अंदाजपत्रक करताना सुरुवात तिथून करावी.

८. कुणी तरी रात्री मूल दारात आणून सोडले. ठेवून घ्यायचे का?

हो, आसरा द्या. जेवू घाला, जखम असेल तर दवाखान्यात न्या. पण त्याच वेळी १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा, आणि २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मुलाला बाल कल्याण समितीपुढे हजर करा (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, पुढे नुसते "समिती"). आणणाऱ्या व्यक्तीचे नाव, पत्ता, मूल कुठे सापडले, अंगावर कोणते कपडे होते, कोणती भाषा बोलते, हे तेव्हाच लिहून काढा. पुढे घर शोधताना याच बारीकसारीक नोंदी कामी येतात. अंगातल्या शर्टाच्या कॉलरवरच्या शिंप्याच्या शिक्क्यावरूनही गावाचा माग लागू शकतो, तेव्हा जुने कपडे लगेच टाकून देऊ नका.

समितीचा लेखी आदेश नसेल तर मूल संस्थेत ठेवणे बेकायदेशीर आहे, संस्था नोंदणीकृत असली तरीही. वेगळे पडलेले, निराधार दिसणारे मूल सापडूनही २४ तासांत न कळवणे हा कलम ३३ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

९. एक विधवा आई स्वतः मुलांना घेऊन येते, म्हणते "खायला घालता येत नाही, ठेवा". तिला परत कसे पाठवायचे?

परत पाठवायचे नाही आणि थेट ठेवूनही घ्यायचे नाही. तिला समितीकडे किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे घेऊन जा. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हे कायद्याच्या मूलतत्त्वांतच आहे (कलम ३). गरिबी एवढ्याच कारणावरून आई आणि मुलांची ताटातूट करू नये, म्हणून योजना आहेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात (मूल कुटुंबातच राहावे म्हणून दिले जाणारे साहाय्य) दरमहा ४,००० रुपये असून त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे.

अर्ज भरून देणे, दाखले गोळा करणे, बँक खाते उघडून देणे यात संस्थेचा कार्यकर्ता दोन दिवस तिच्यासोबत फिरला, तर एखादे मूल आईजवळ वाढते. माझ्या मते चांगल्या बालगृहाची ओळख खाटा किती भरल्या यावरून ठरू नये. किती मुले घरी राहू शकली, किती घरी परत गेली, यावरून ठरावी.

१०. समितीने पाठवलेले मूल "अवघड" आहे. नाकारता येते का?

मंजूर क्षमता शिल्लक असेल तर नाही. अनुदानित असो वा विनाअनुदानित, समितीच्या आदेशाप्रमाणे मूल दाखल करून घेणे कलम ४१(८) नुसार बंधनकारक आहे. मुलाला अशी काही गरज असेल की ती तुमच्याकडे खरोखरच भागू शकत नाही, उदाहरणार्थ व्यसनमुक्तीचे उपचार, तर ते समितीला लेखी कळवा आणि योग्य ठिकाणी पाठवण्याची विनंती करा. क्षमता भरली असेल तर तेही लेखी कळवा. आपल्या पातळीवर दुसऱ्या संस्थेत हलवू नका. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत बदली समितीच्या शिफारशीवरून आणि शासनाच्या आदेशानेच होते, त्याच जिल्ह्यातल्या तशाच गृहात असेल तर समितीच्या आदेशाने.

समितीच्या कामकाजाबद्दलच तक्रार असेल, तर ती ऐकण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे.

११. बहीण-भाऊ आहेत. एकत्र ठेवता येतील का?

दहा वर्षांखालील मुलगे-मुली एका गृहात राहू शकतात. मात्र पाच ते दहा वयोगटासाठी झोपण्याची आणि अंघोळीची सोय वेगवेगळी हवी. दहाच्या पुढे गृहेच वेगळी. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी स्वतंत्र व्यवस्था लागते. भावंडे वेगळी करावीच लागली, तर समितीकडे जवळजवळच्या संस्थांचा आग्रह धरा आणि भेटीचे दिवस ठरवून घ्या. ते दिवस चुकवू नका. मूल आठवडाभर त्या एका तासाची वाट पाहत असते.

१२. प्रत्येक मुलाची कोणती कागदपत्रे ठेवायची?

समितीचा आदेश, सामाजिक तपासणी अहवाल, पूर्वेतिहास, वैयक्तिक काळजी आराखडा, आरोग्यपत्रक, शाळेची प्रगती, सोबतच्या वस्तूंची यादी. याशिवाय हजेरीपट, प्रवेश व मुक्ततेची नोंदवही, भेटीस आलेल्यांची वही, व्यवस्थापन समिती आणि बाल समितीची (संस्थेतल्या मुलांची स्वतःची समिती) इतिवृत्ते ही संस्थेची दप्तरे. मुलांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवरची माहितीही अद्ययावत ठेवायची.

यातला वैयक्तिक काळजी आराखडा बहुतेक ठिकाणी नुसता भरला जातो. चाळीस मुलांच्या आराखड्यांत "समुपदेशन, शिक्षण, सकस आहार" हे तीनच शब्द एकाच अक्षरात लिहिलेले असतील, तर तो आराखडा नव्हे. "मामाचा पत्ता शोधणे, तालुक्याच्या ठिकाणी जाऊन जन्मनोंद काढणे, गणितासाठी शिकवणी, अंधाराची भीती : खाट दाराजवळ" असे लिहिलेले असेल, तर तो आराखडा. जन्मनोंद, आधार आणि पात्र मुलांचे अनाथ प्रमाणपत्र ही कामे मूल लहान असतानाच हाती घ्या. राज्यात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, आणि प्रमाणपत्र नसेल तर त्याचा लाभ मिळत नाही.

१३. तपासणीला कोण येऊ शकते आणि काय पाहतात?

जिल्हा तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी किमान एकदा यायचे असते. किमान तीन सदस्य, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल आठवड्याच्या आत द्यायचा असतो. बाल कल्याण समितीने निवासी संस्थांना महिन्यातून किमान दोन तपासणी भेटी द्याव्यात, असे कलम ३० सांगते. राज्य आणि राष्ट्रीय बाल हक्क आयोगही येऊ शकतात. नोंदणी नसलेल्या संस्थेत शिरून पाहण्याचा अधिकारही तपासणी समितीला आहे, त्यामुळे "आमची नोंदणी नाही, तुम्हाला अधिकार नाही" हा युक्तिवाद टिकत नाही.

जाणकार तपासनीस आधी कार्यालयात बसत नाही. हजेरीपटावरची संख्या, खाटांची संख्या आणि जेवणाच्या पंगतीतली ताटे जुळतात का ते पाहतो. सूचनापेटी कुठे टांगली आहे ते पाहतो. ती कार्यालयापासून लांब, शयनगृहाजवळ हवी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी आणि पेटी दर आठवड्याला बाल समितीच्या सदस्यांसमोर उघडली जावी, असा नियम आहे. किल्ली अधीक्षकांच्या खणात असेल, तर त्या पेटीत अधीक्षकांविरुद्ध चिठ्ठी कोण टाकणार?

१४. शिस्त कशी लावायची? थोडेसे रागावणे, एखादी चापटही चालत नाही का?

चापट चालत नाही. शिस्तीसाठी शारीरिक शिक्षा केल्यास पहिल्यांदा दहा हजार रुपये दंड, पुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय नोकरीतून बडतर्फी आणि मुलांसोबत काम करण्यास मनाई (कलम ८२). चौकशीत सहकार्य न करणाऱ्या व्यवस्थापनाला किमान तीन वर्षांची कैद आहे, म्हणजे मारणाऱ्यापेक्षा लपवणाऱ्याला कायदा कडक आहे. प्रकार क्रूरतेत गेला, तर संस्थेतील व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो (कलम ७५).

जेवण बंद करणे, घरच्यांची भेट रद्द करणे, सगळ्यांसमोर अपमान करणे, अंधाऱ्या खोलीत बसवणे, यांना शिस्त म्हणता येत नाही. गादी कुणी भिजवली हे सकाळी मोठ्याने विचारणे हीसुद्धा शिक्षाच आहे. नियम बाल समितीत मुलांसोबत बसून ठरवा. सहा वर्षांवरील मुले असलेल्या संस्थेत अशी समिती स्थापणे बंधनकारकच आहे, आणि स्वतः केलेले नियम मुले पाळतात.

१५. मुलांनी स्वयंपाकघरात मदत केली तर बालमजुरी ठरते का?

आपले ताट धुणे, अंथरूण घडी करणे, मोठ्या मुलांनी आवडीने पोळ्या लाटायला शिकणे यात काही गैर नाही, घरातही हेच होते. पगारी माणसाच्या जागी मुलांना राबवणे गैर आहे. ओळखायची खूण सोपी : त्या दिवशी मुले कामाला आली नाहीत, तर संस्थेचे जेवण अडेल का? अडत असेल, तर स्वयंपाकी नेमा.

१६. कर्मचाऱ्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार आली. आधी अंतर्गत चौकशी करू का?

नाही. आधी पोलीस. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार नुसती शंका आली तरी कळवणे बंधनकारक आहे. खरे-खोटे ठरवणे हे संस्थेचे काम नाही. हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. त्याच दिवशी बाल कल्याण समितीला कळवा, संबंधित कर्मचाऱ्याला मुलांपासून दूर करा. मुलाला पुन्हा पुन्हा "काय झाले ते सांग" असे विश्वस्त, अध्यक्ष, सचिव अशा सगळ्यांसमोर विचारू नका. त्याने जे शब्द वापरले तेच लिहून ठेवा.

संस्थेचे नाव खराब होईल ही भीती मी अनेकदा ऐकते. ज्या मुलाने धीर करून सांगितले, त्याच्यासाठी त्या क्षणी संस्था म्हणजे तुम्हीच असता.

१७. देणगीदार वाढदिवस साजरा करायला येतात, फोटो काढतात. अडवायचे कसे?

प्रवेशद्वारावरच मोबाइल जमा करा आणि तसा फलक लावा. मुलाची ओळख उघड होईल असे नाव, छायाचित्र, शाळेचे नाव प्रसिद्ध करण्यास कलम ७४ मनाई करते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेचे स्वतःचे फेसबुक पान, वार्षिक अहवाल आणि व्हॉट्सअॅप गटही यात आले. देणगीदाराला वस्तूंचा, इमारतीचा, मुलांनी काढलेल्या चित्रांचा फोटो द्या. केक कापणाऱ्या अनोळखी माणसासमोर रांगेत उभे राहून टाळ्या वाजवण्यापेक्षा मुलांना स्वतःच्या वाढदिवसाला कुणी तरी नावाने हाक मारावी, हे जास्त हवे असते.

१८. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना नातेवाइकांकडे पाठवू शकतो का?

समितीच्या परवानगीने. कलम ९८ मध्ये परीक्षा, नातेवाइकांचे लग्न, जवळच्याचा मृत्यू, पालकाचे गंभीर आजारपण अशा प्रसंगी साधारणपणे एका वेळी सात दिवसांपर्यंत (प्रवास वगळून) रजेची तरतूद आहे. सणाच्या सुट्टीसाठीही समितीकडे अर्ज करावा लागतो. तो महिनाभर आधी, गृहभेटीच्या अहवालासह करा. काका आले आणि घेऊन गेले, असे होऊ देऊ नका.

१९. एक जोडपे थेट आमच्याकडे येऊन बाळ दत्तक मागते. काय सांगायचे?

केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करा, एवढेच. बालगृहाला थेट दत्तक देता येत नाही. तुमच्याकडच्या अनाथ, सोडून दिलेल्या किंवा पालकांनी समर्पित केलेल्या मुलांची माहिती समितीला देणे, त्यांना दत्तकमुक्त (दत्तक देण्यास कायद्याने मोकळे) घोषित करून घेण्यासाठी पाठपुरावा करणे आणि जवळच्या विशेष दत्तक संस्थेशी रीतसर जोडून घेणे ही मात्र जबाबदारी आहे. ती टाळल्यास दर प्रकरणी पन्नास हजार रुपये दंड, आणि वारंवार टाळल्यास नोंदणी काढून घेतली जाऊ शकते (कलम ६६). मुलाचा लळा लागला म्हणून फाइल पुढे न सरकवणे हे त्या मुलाचे कुटुंब हिरावून घेणे आहे.

२०. मूल पळून गेले तर?

ताबडतोब पोलीस ठाणे, समिती, बाल संरक्षण कक्ष आणि पालकांना कळवा. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायलाच हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. अलीकडचा फोटो आणि वर्णन तयार हवे. मूल सापडले की पहिला प्रश्न "का पळालास?" हा नसावा. आधी जेवण, झोप, मग समुपदेशक. पळण्याचे कारण बऱ्याचदा संस्थेतच सापडते.

२१. अठरा पूर्ण झाले. दुसऱ्या दिवशी बाहेर काढायचे?

कायदा तसे म्हणत नाही. कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक साहाय्याची तरतूद आहे आणि आदर्श नियमांत अनुरक्षण सेवा (अठरानंतर दिला जाणारा आधार) वयाच्या २१ पर्यंत, अपवादात्मक स्थितीत २३ पर्यंत मिळू शकते. तयारी सतराव्या वर्षी नव्हे, चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू करा : बँक व्यवहार, स्वयंपाक, भाडेकरार वाचणे, एकट्याने प्रवास. निघताना मूळ कागदपत्रांचा संच त्याच्या हातात द्या. "आमच्याकडेच सुरक्षित राहतील" म्हणून दाखले संस्थेच्या कपाटात ठेवून घेऊ नका.

२२. आमच्याकडे दिव्यांग मुलेही आहेत. एकच नोंदणी चालेल का?

दिव्यांगांसाठी संस्था चालवायला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५० खाली वेगळे प्रमाणपत्र लागते. त्या मुलांना सांभाळणारे कोणी नसेल, तर ती बाल न्याय कायद्याखालीही येतात, म्हणजे दोन्ही नोंदण्या आणि समितीचा आदेश. वृद्धाश्रम आणि बालगृह एकाच आवारात चालवण्याबद्दलही विचारणा होते. बालगृहाच्या प्रमाणपत्रावर क्षमता आणि उद्देश नोंदलेले असतात, त्यामुळे त्या जागेत मुलांखेरीज इतर कुणाला ठेवता येत नाही. इमारत, प्रवेशद्वार आणि कर्मचारी वेगळे हवेत.

२३. नूतनीकरणाची तारीख निघून गेली. आता काय?

नोंदणी पाच वर्षांची असते. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज गेला पाहिजे. तारीख निघून गेली असेल तर आजच अर्ज करा, उशिराचे कारण लेखी द्या आणि समितीला कळवा. मागील तारखेचा अर्ज बनवू नका. आधीच्या तपासणीतल्या त्रुटी दूर केल्याचे पुरावे सोबत जोडा, कारण नूतनीकरणाच्या वेळी सगळ्यात आधी तेच पाहिले जाते.

२४. संस्था बंद करायची आहे. मुलांचे काय?

मुले कुठे जातील हे ठरवण्याचा अधिकार संस्थेला नाही. शक्य तितक्या आधी विभागाला आणि समितीला लेखी कळवा. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र निर्णय होईल : घर, नातेवाईक, प्रतिपालक कुटुंब की दुसरी संस्था. मधल्या काळात शाळेचे वर्ष अर्धवट तुटू नये, भावंडे वेगळी होऊ नयेत, चालू औषधोपचार थांबू नयेत, हे समितीपुढे मांडणे तुमचे काम, कारण ती माहिती तुमच्याकडेच आहे. मूळ फाइल मुलासोबत नव्या संस्थेत जाते, सही-शिक्क्याची प्रत दप्तरी राहते. आणि आपण कुठे जाणार आहोत हे मुलाला निघण्याच्या दिवशी सकाळी कळता कामा नये. नवी जागा त्याला आधी एकदा दाखवून आणा, ओळखीची गृहमाता सोबत जाऊ द्या.